जुन्या लाकडावरचं फळ

माझं माहेर सासवडजवळचं. वडिलांची जमीन फार नव्हती, पण विहिरीच्या अंगाला अंजिराची झाडं होती आणि आमचं सगळं घर त्या झाडांच्या कलानं चालायचं. बहर लागला की उजाडायच्या आत सगळे शेतावर. करंडीत पानं अंथरायची, त्यावर फळं देठाकडून उचलून ठेवायची, हाताला चीक लागून बोटं खाजायची. त्यामुळे माझं लग्न ठरलं आणि स्थळ बंगलोरचं निघालं, तेव्हा मला वाटलं, अंजीर आता सुटलं.

सासरची माणसं तिकडची जुनी. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर खाली उतरले आणि तिथंच राहिले. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी मला पहिले काही महिने नीट कळायची नाही. मध्येच 'बरं' म्हणायला 'सरी' म्हणायचे, मध्येच 'स्वल्प थांब' म्हणायचे, आणि मी सासवडची मराठी बोलले की सासूबाई आणि शेजारची कानडी अक्का एकमेकींकडे बघून हसायच्या. त्यात वाईट काही नसायचं. पण नव्या नवरीला हसणं हसणंच वाटतं.

घर जयनगरात होतं. तेव्हा तिकडे नुकती वस्ती होत होती. सरळ आखलेले रस्ते, मोकळे प्लॉट, अधूनमधून एखादं नवं घर. सासरे सरकारी नकाशाच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. पेटेतलं, म्हणजे जुन्या शहरातलं, भावकीचं घर सोडून त्यांनी इथे स्वतःचं बांधलं होतं. हा प्लॉट पूर्वी कुणाच्या तरी बागेचा तुकडा होता. बाग गेली, पण मागच्या भिंतीजवळचं एक झाड राहिलं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून रडत होते. सासरे न्हाणीघराकडे चालले होते. ते थांबले. सुनेशी थेट बोलायची त्यांनाही सवय नव्हती. जरा वेळानं भिंतीकडे बोट करून म्हणाले, "तुझ्या माहेरचं झाड आहे बघ तिथं. अंजूर."

मी डोळे पुसून बघायला गेले. अंजीर होतं हे खरं. पान खरखरीत, देठ मोडला की दुधासारखा चीक. पण आमच्या झाडाचं पान पंजासारखं रुंद असतं. याच्या पानाला खोल खाचा होत्या, बोटं लांब आणि बारीक. खोडाचा रंगही वेगळा, राखेसारखा.

"हे आमच्याकडचं नाही, मामंजी," मी म्हटलं.

"मग कुठलं?"

"ते नाही सांगता यायचं."

त्यांनी एक पान तोडून हातात घेतलं आणि त्याच्या शिरांवरून बोट फिरवत राहिले. त्या घरात माझ्याशी कुणी मला माहीत असलेल्या गोष्टीबद्दल बोललं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

त्या झाडाची तऱ्हा अशी होती की फळं भरपूर धरायची आणि एक पिकायचं नाही. बोराएवढी व्हायची, सुपारीएवढी व्हायची, मग पिवळी पडून एकामागून एक गळायची. खाली सडा पडे. सासूबाईंना ते झाडायचा कंटाळा येई. त्यांना तिथे मोरी आणि सरपणाची खोली हवी होती. "गळकं झाड," त्या म्हणायच्या. "ना फळ, ना सावली. कशाला ठेवलंय यांनी?"

सासऱ्यांना मात्र ते झाड कुठलं आहे हे कळायला हवं होतं. उभा जन्म नकाशावर काम केलेला माणूस. ज्याला नाव नाही असं काही आपल्या हद्दीत असावं हेच त्यांना खपत नसे. त्यांनी पानाची चित्रं काढली, पुढची बाजू, मागची बाजू, कोवळं पान, जून पान. गळालेली फळं उभी कापून आतलं दाखवायला मला हाक मारायचे. "तुमच्याकडे आत कसं असतं?" मी सांगायची: पिकलं की लालसर, मऊ, बियांनी भरलेलं. इथे आत नुसता पांढरा भुसा.

एकदा ते माझ्या यजमानांना घेऊन लालबागेत, तिथल्या जुन्या सरकारी बागेत, गेले. तिथे फळझाडांचं काम बघणारे एक गृहस्थ होते. त्यांनी चित्रं बघितली, पानं बघितली, आणि आदरानं बोलले. पण म्हणाले, पानावरून नक्की सांगता येणार नाही, एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं असतात. पिकलेलं फळ आणा, मग सांगतो.

सासरे घरी येऊन पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "पिकलेलं फळ आण म्हणतात. पिकत नाही म्हणून तर विचारायला गेलो होतो." आणि हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना फारसं कधी बघितलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले तेव्हा त्यांनी एक फाटा ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याबरोबर दिला. "तुझ्या वडिलांना दाखव. ते जाणते आहेत." प्रवासात पानं कोमेजली, पण काडी हिरवी होती. वडिलांनी ती उन्हात धरली, नखानं साल खरवडली, चीक जिभेला लावून थुंकला.

"आपल्यातलं नाही," ते म्हणाले. "पण अंजीर ते अंजीर. छाटणी करतात का?"

"नाही बहुतेक."

"मग गळणारच. झाड सगळा जोर जुन्या लाकडात घालवतं. व्याह्यांना सांग, पाऊस सरला की कडक छाटा. गेल्या सालचं लाकूड ठेवू नका. नव्या फुटीवर जे धरेल ते टिकेल."

वडील आमच्या भागात अंजिरातले जाणकार म्हणून नावाजलेले. लांबून लांबून लोक त्यांना विचारायला यायचे. त्यांनी सांगितलं म्हणजे झालं, असं मलाही वाटलं आणि सासऱ्यांनाही. मी मुलीला घेऊन परत आल्यावर त्यांनी आधी नातीचं तोंड बघितलं आणि मग छाटणीचं विचारलं. मी वडिलांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ते पुन्हा माझ्याकडून म्हणवून घेतले.

त्या वर्षीपासून पाऊस संपला की सासरे धोतर खोचून शिडीवर चढायचे. मी खाली मूल कडेवर घेऊन उभी असायची आणि सांगायची, इथे कापा, ह्या कोंबाच्या डोळ्याच्या वर. ते विचारायचे, "इथं? सरी." आणि कापायचे. सासूबाई दारात येऊन बघायच्या आणि आत जायच्या. पण घरात आम्हा दोघांचं असं काही आहे हे त्यांना दिसत असणार. सून आणि सासरा एरवी काय बोलणार? पाणी ठेवलं, जेवायला चला, एवढंच. झाडामुळे आम्ही तासन्‌तास बोललो. त्यांनी मला नकाशा वाचायला शिकवलं ते त्या झाडाखाली, आणि कानडी अक्षरंही.

छाटलेल्या झाडाला नवी फूट जोमानं यायची. फुटीवर फळं धरायची. आणि सगळी गळायची.

"जमीन नसेल मानवत," मी म्हणायची. ते राख घालायचे, शेण घालायचे. "पाणी कमी पडत असेल." ते पाणी घालायचे. वडिलांना निरोप गेला की त्यांचं एकच उत्तर यायचं, अजून कडक छाटा. शेवटी शेवटी ते झाड मुंडण केल्यासारखं दिसायचं. अक्का भिंतीवरून विचारायची, "एवढं का कापता हो त्याला?"

तिनेच एकदा एक गोष्ट सांगितली होती. तिच्या बाजूला भिंतीवरून वाकलेला एक फाटा होता, तो आमच्या शिडीवरून पोचत नसे म्हणून राहून गेला होता. उन्हाळ्यात तिनं त्याच्यावर एक मोठं फळ बघितलं होतं, हिरवंच, पण फुगलेलं. दुसऱ्या दिवशी बुलबुलांनी खाऊन टाकलं. आत लाल होतं म्हणाली. सासरे ते ऐकून लगोलग भिंतीपलीकडे गेले. नुसती साल लोंबत होती. ती त्यांनी आणून मला दाखवली. आम्ही दोघांनी ती उलटसुलट करून बघितली आणि एखादं चुकून पिकलं असेल, असं म्हणून सोडून दिलं. त्या पावसाळ्यानंतर सासऱ्यांनी अक्काला विचारून तिच्या अंगणात शिडी लावली आणि तोही फाटा छाटला. राहून गेलं म्हणून व्याह्यांना वाईट वाटायला नको, म्हणाले.

मग एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा बंदी केली, शिडीचं तर नावच नको. यजमान म्हणाले, मी छाटतो, नाहीतर माणूस बोलावतो. सासरे ऐकेनात. "मी बरा होतो, मग मीच करेन. तिला विचारून करावं लागतं ते." तिला म्हणजे मला. बरे होता होता थंडी गेली. झाड तसंच राहिलं, लांब लांब फांद्या सुटलेलं, पानगळ होऊन उघडं.

त्यांची खाट मागच्या खिडकीशी लावली होती. शिवरात्र होऊन गेल्यावर एका दुपारी मी त्यांना ताक द्यायला गेले तर म्हणाले, "बाहेर जाऊन बघ जरा. पान नाही आणि फळ कसं दिसतंय मला?"

मी जाऊन बघितलं. खरंच, गेल्या वर्षीच्या उघड्या काड्यांवर पानांच्या आधीच फळं आली होती. थोडीच, पण टपोरी. मी आत येऊन तसं सांगितलं.

"मग?" ते म्हणाले.

"जुन्या लाकडावरची आहेत, मामंजी. ती काही राहायची नाहीत."

"हं," ते म्हणाले आणि ताक प्यायले.

मला वडिलांनी शिकवलेलं होतं तेच मी बोलले. दुसरं मला ठाऊक नव्हतं. पण त्यांची शेवटची आशा म्हणण्यासारखं काही असलं तर ते मी तेव्हा ऐकलं आणि 'राहायची नाहीत' म्हणून पुसून टाकलं, हे आठवलं की आजही जीव कसा तरी होतो. पाडव्याच्या आधीच ते गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. फळं तेव्हा लिंबाएवढी झाली होती. त्या दिवसांत झाडाकडे कोण बघतंय?

दिवसकार्य सगळं झालं. वडिलांना कळवलं होतं, पण त्यांच्या बहराचे दिवस होते. झाडावर पिकलेलं फळ टाकून निघता येत नाही. तोड संपली की येतो, असा निरोप आला. सासूबाईंनी मान हलवली.

उन्हं कडक झाली तेव्हा एका सकाळी मी मागच्या दोरीवर कपडे घालत होते आणि मला वास आला. अंजिराचा वास मी कुठेही ओळखेन. वर बघितलं. फळं मोठी झाली होती, आमच्याकडच्या फळाहून कितीतरी मोठी, आणि मान मोडून खाली लोंबत होती. रंग हिरवाच, त्याला जराशी पिवळी झाक. आमचं अंजीर पिकलं की अंगावर जांभळट तांबूस रंग चढतो, म्हणून रंगावरून मला कळलंच नसतं. हात लावला तर मऊ. एक फोडलं. आत गुलाबी, दाट, मधासारखं. मी तिथेच दगडावर बसले. खाल्लं नाही. पदरात धरून बसून राहिले.

त्याच आठवड्यात यजमानांना रजा होती. आम्ही दोघं फळं घेऊन लालबागेत गेलो. तेच गृहस्थ होते, जरा म्हातारे झालेले. त्यांना नकाशाच्या कचेरीतले चित्र काढून आणणारे आठवत होते. यजमानांनी ते गेल्याचं सांगितलं. त्या गृहस्थांनी फळ कापलं, भिंगातून बघितलं आणि विचारलं, "हे कुठल्या फांदीवर आलं? नव्या की जुन्या?"

"जुन्या," मी म्हटलं. "ह्या वर्षी छाटलं नव्हतं."

त्यांनी चाकू खाली ठेवला. मग सावकाश समजावून सांगितलं. अंजिराची एक जात अशी असते, तिला सान पेद्रो म्हणतात. हिचा पहिला बहर गेल्या वर्षीच्या लाकडावर येतो, थोडा येतो, पण आपोआप पिकतो. दुसरा बहर नव्या फुटीवर येतो, पुष्कळ येतो, आणि तो पिकायला एक बारीक माशी लागते. ती माशी फळात शिरली तरच फळ राहतं. ती आपल्याकडे नाही. म्हणून दुसरा बहर सगळा गळतो, आणि कितीही काही केलं तरी गळणारच. झाड समुद्रापलीकडून आलेलं, पूर्वी कुणी साहेबानं हौसेनं आणून लावलं असेल.

"छाटलं तर?" यजमानांनी विचारलं.

"छाटलं तर पहिला बहर गेलाच. जो पिकणार तो आपणच कापून टाकला आणि जो पिकणार नाही त्याची वाट बघत बसलो, असं होतं." त्यांना आमच्या शिडीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी शास्त्रातलं सांगितलं.

आम्ही बसनं परत निघालो. घर जवळ आल्यावर यजमान म्हणाले, "तुझ्या वडिलांना नको सांगू."

मीही सांगणार नव्हते. वडील आले ते बहर संपवूनच. सासूबाईंना भेटले, ओसरीवर बसले, व्याह्यांबद्दल चार शब्द बोलले. मग म्हणाले, "ते झाड तरी बघू. इतकी वर्षं ऐकतोय." मी नको म्हणायला कारण शोधत होते तोवर ते मागे गेलेही.

झाडावर अजून थोडी फळं होती. वडील खाली उभे राहिले, टोपी मागे सरकवली. एक फांदी खाली ओढली. फळ कुठे चिकटलंय ते बघितलं, मग दुसरी फांदी, मग तिसरी. नव्या फुटीवर बारीक फळं धरली होती, त्यांतली काही पिवळी पडायला लागली होती, तीही बघितली. मला काही सांगावं लागलं नाही. अंजिराचं झाड त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. ते समोर यायला हवं होतं, एवढंच.

"ह्याला छाटायचं नव्हतं," ते म्हणाले.

मग माझ्याकडे वळले.

"व्याही दर साल छाटायचे?"

"हो."

"कडक?"

"तुम्ही सांगितलं तसं."

त्यांनी फांदी सावकाश सोडली. झाडाच्या खोडावर हात ठेवला. "मी आपल्या झाडाचं सांगितलं, पोरी. न बघता सांगितलं. काडी बघून सांगितलं." मी म्हटलं, कुणालाच ठाऊक नव्हतं, लालबागेतल्या माणसालाही फळाशिवाय कळलं नाही. ते म्हणाले, "त्यानं तोंड मिटून तरी ठेवलं."

मग ते आत गेले. सासूबाई ताटं घेत होत्या. वडील दारातच थांबून म्हणाले, "वहिनी, माझ्यामुळे दादांना त्या झाडाचं फळ मिळालं नाही. छाटायला मी सांगितलं होतं. ते चुकीचं होतं."

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, त्या म्हणतील, असू द्या, तुम्ही का मुद्दाम केलंत. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचा नवरा जाऊन थोडेच दिवस झाले होते. "ते फार वाट बघायचे," त्या म्हणाल्या. आणि मग, "जेवायला बसा."

वडील जेवले, पण दोन घासच. ते आठवडाभर राहणार होते, तिसऱ्या दिवशी निघाले. यशवंतपूर स्टेशनवर गाडीत बसवून दिलं तेव्हा मी डब्यात फळं दिली होती. घरी गेल्यावर आईनं कळवलं की डबा तसाच परत आणला, फळं आंबली होती. पुढे कुणी झाडाचं विचारायला आलं की ते म्हणायचे, झाड बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. लांबचं असेल तर जायचे, गुडघे दुखत असले तरी. लोकांना वाटायचं, म्हातारा भाव खातो.

झाडाला आम्ही त्यानंतर कात्री लावली नाही. दर उन्हाळ्यात थोडी फळं यायची. अक्काकडे जायची, गल्लीत जायची, माझ्या मुली खायच्या. सासूबाईंनी कधी तोंडात घातलं नाही. आग्रह केला तर म्हणायच्या, मला गोड सोसत नाही. मी काड्या कुंडीत लावून बघितल्या, दोनदा वाळवीनं खाल्ल्या, एकदा पावसानं कुजल्या.

पुढे धाकट्या दिरांचं लग्न ठरलं आणि घर पुरेना. मागे खोल्या काढायचं ठरलं. भांडण झालं नाही, कुणी अडवलंही नाही. मीच काय म्हणून अडवणार? माणसांना जागा लागते. वडील तेव्हा हयात नव्हते. गवंड्याची माणसं सकाळी आली आणि दुपारपर्यंत झाड आडवं झालं. सासूबाई पुढच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मागे एकदाही आल्या नाहीत.

संध्याकाळी मी ओसरीवर त्यांच्याजवळ जाऊन बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "लालबागेतल्या त्या माणसानं नाव काय सांगितलं होतं झाडाचं?"

मी सांगितलं.

त्यांनी ते म्हणून बघितलं, नीट जमलं नाही. पुन्हा म्हणून बघितलं. "कुठल्या गावचं म्हणायचं हे?"

"मला नाही माहीत, आत्याबाई."

"त्यांनी शोधून काढलं असतं," त्या म्हणाल्या.